अँबॅसिडर मार्क २ : डायनॅमो चार्जिंगच्या दुरुस्तीच्या नोंदी

गाडी : अँबॅसिडर मार्क २, १९६९ ची. १४८९ सीसी पेट्रोल इंजिन, ल्युकास सी-४० डायनॅमो, आरबी-१०६ जातीचा कटआउट (डायनॅमो बॅटरीला जोडणारा-तोडणारा आणि त्याचं व्होल्टेज आवरणारा डबा), १२ व्होल्ट, पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला). मुक्काम टिळकवाडी, बेळगाव. उन्हाळ्यात अथणीकडे आणि पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला फिरणारी, म्हणजे कोरडी झळ आणि मुसळधार पाऊस दोन्ही सोसणारी.

४ जुलै

तक्रार दोन तोंडांची आहे. रात्री खानापूरहून परत येताना दिवे मंदावतात आणि सकाळी स्टार्टर नुसता खट्ट वाजतो. दुसरीकडे, लांबच्या प्रवासानंतर बॅटरीच्या बुचांतून ॲसिड बाहेर आलेलं दिसतं आणि मागचे बल्ब वारंवार जातात. एकाच गाडीत चार्जिंग कमीही आणि जास्तही. डॅशवरचा लाल दिवा आयडलला लागलेला असतो, ते डायनॅमोच्या गाडीला शोभतं. पण थोडा वेग घेतला की विझतो आणि आणखी वेग घेतला की पुन्हा उजळतो.

आधी झालेलं काम : बॅटरी नवी, कटआउटही कोल्हापूरहून नवा आणून बसवलेला. फरक शून्य. गेल्या वर्षी डेंटिंग-पेंटिंग झालेलं आहे, ही गोष्ट आत्ता फक्त नोंदवून ठेवायची. सगळ्यांचा सल्ला एकच : डायनॅमो काढा, मारुतीचा अल्टरनेटर लावा. तो विचार शेवटी. ज्या दोषाने नवा कटआउट निकामी ठरवला तो अल्टरनेटरलाही सोडणार नाही.

ठरलेला क्रम : बॅटरी, बेल्ट, एकटा डायनॅमो, वायरी, अर्थिंग आणि सर्वांत शेवटी कटआउटचं सेटिंग. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा चालतो. झाकण काढून स्क्रू पिळला जातो, आणि मग मूळ दोष कुठला व पिळण्याने झालेला कुठला हे कळेनासं होतं.

५ जुलै

बॅटरी रात्रभर बाहेरच्या चार्जरवर ठेवून नंतर काही तास तशीच सोडली. व्होल्टेज १२.६, म्हणजे भरलेली. १२.२ ला निम्मी आणि ११.९ च्या खाली रिकामी धरायची. ॲसिडची घनता दाखवणाऱ्या हायड्रोमीटरने सहाही घरं तपासली. पाच घरं जवळपास सारखी, एक ०.०२० ने मागे. हा फरक ०.०५० च्या आसपास गेला असता तर बॅटरी बाद. ही चालेल. ॲसिड ओसंडल्यामुळे ट्रेचा पत्रा गंजला होता. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, वाळवून रंग दिला.

स्टार्टर फिरवताना पोस्टावर १०.१ व्होल्ट. ठीक. त्याच वेळी बॅटरीची पॉझिटिव्ह पोस्ट ते इंजिन ब्लॉक यांच्यात मीटर लावला तर ०.७ व्होल्ट. इथे ०.२ च्या वर काही दिसायला नको. विणलेली अर्थ पट्टी लगजवळ (स्क्रूखाली बसणाऱ्या टोकाच्या कडीजवळ) हिरवी पडून निम्मी तुटली होती. नवी पट्टी टाकली, बॉडीकडचा पत्रा चकाकेपर्यंत खरवडला, स्टार वॉशर घातला. आता ०.१५.

मोजताना एक लक्षात ठेवावं लागतं. या गाडीत बॉडी पॉझिटिव्ह आहे. मीटरची लाल सुई बॉडीला, काळी पॉइंटला. उलटं लावलं तर डिजिटल मीटर नुसता उणे दाखवेल, काट्याच्या मीटरचा काटा मात्र उलटा आपटेल.

६ जुलै

बेल्टच्या कडा चकचकीत झालेल्या आणि तो पुलीच्या तळाला टेकलेला. बेल्टने बाजूंनी पकडायचं असतं. तळाला टेकला की कितीही ताणला तरी घसरणारच, आणि ताणाताणीत डायनॅमोचा मागचा बुश खलास होतो. नवा बेल्ट घातला. लांब बाजूच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर साधारण १३ मिमी जाईल इतका ताण.

मग एकट्या डायनॅमोची चाचणी. डायनॅमोवरच्या डी आणि एफ या दोन्ही वायरी काढल्या. मोठं टर्मिनल डी (डायनॅमोची वीज इथून बाहेर पडते), लहान एफ (फिल्ड कॉइलचं). दोन्ही टर्मिनलं उघड्या तारेच्या तुकड्याने जोडली, मीटर त्या जोडापासून डायनॅमोच्या बॉडीवर. इंजिन आयडलवरून हळूहळू हजार आरपीएमपर्यंत. व्होल्टेज सरळ, न थरथरता चढायला हवं. २० व्होल्टच्या वर नेऊ नये. इंजिन रेस करून आकडा बघायचा नाही, त्यात फिल्ड कॉइल, म्हणजे चुंबकत्व तयार करणारी कॉइल, भाजते.

या चाचणीत आकडाच दोष सांगतो. काहीच व्होल्टेज नाही : कार्बन टेकत नाहीत. अर्धा ते एक व्होल्ट : फक्त लोखंडातली शिल्लक चुंबकता बोलते आहे, फिल्ड कॉइल तुटलेली. चार-पाच व्होल्टवर अडकणं : आर्मेचरमध्ये, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागात दोष. इथे यातलं काहीच नाही. व्होल्टेज १४-१५ पर्यंत जातं, पण काटा सतत फडफडतो. असल्या कामाला काट्याचा मीटर हवाच, डिजिटलचे आकडे पळत राहतात आणि अर्थ लागत नाही. फडफड म्हणजे कम्युटेटर (आर्मेचरच्या टोकाचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) किंवा त्यावर टेकणारे कार्बन. डायनॅमो उतरवला.

८ जुलै

उघडण्याआधी पुली हाताने वर-खाली हलवून पाहिली. पुढचं बेअरिंग घट्ट, मागच्या टोकाला मात्र स्पष्ट खेळ. लांब बोल्ट दोन. ते काढल्यावर कम्युटेटरकडचं झाकण निघतं. आत चांदीसारखे थेंब उडालेले आहेत का हे आधी पाहायचं. तसे दिसले तर कम्युटेटरचं सोल्डर वितळून फेकलं गेलंय, म्हणजे डायनॅमोवर झेपेना इतका भार होता. इथे थेंब नाहीत. आर्मेचर वाचलं.

दिसलं ते असं. एक कार्बन होल्डरमध्ये अडकलेला, काजळी आणि तेलाच्या गाळाने. दुसरा झिजून ६ मिमीवर आलेला. ७ मिमीच्या खाली गेला की बदलायचाच, कारण स्प्रिंग होल्डरला टेकते आणि दाब संपतो. कम्युटेटरवर खोल चर, आणि तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक वर आलेला. अभ्रक तांब्यापेक्षा कमी झिजतो. तो वर राहिला की कार्बन प्रत्येक पट्टीवर उडी मारतो आणि ठिणगी पडते. मीटरवर दिसलेली फडफड ती हीच.

मागच्या बुशाला तेल द्यायचं भोक आहे. तिथे दर पाच हजार किलोमीटरला दोन-तीन थेंब पुरतात. या भोकात बहुधा ऑइलकॅनच रिता केला गेलाय. जास्तीचं तेल थेट कम्युटेटरवर येतं.

फिल्ड कॉइल : एफ टर्मिनल ते बॉडी ५.९ ओहम. सहाच्या आसपास हवी, बरोबर. कॉइलला हात लावला नाही. पोलचे मोठे स्क्रू विनाकारण सैल केले तर आर्मेचर घासू लागतं.

आर्मेचर रिवाइंडिंगवाल्याकडे ग्राउलरवर (वेढ्यांतला शॉर्ट शोधणाऱ्या यंत्रावर) तपासून घेतलं. शॉर्ट नाही, शाफ्टला अर्थ नाही.

१० जुलै

कम्युटेटर उद्यमबागेत लेथवर. या गावात ढलाई आणि मशिनिंगची कामं घराघरांत माहीत आहेत, त्यामुळे लेथचा प्रश्न नाही. प्रश्न असतो तो टर्नरला थांबवण्याचा. चर जाईपर्यंतच हलके कट, गती जास्त, फीड कमी. साफ झालं की बस. वर बारीक काचपेपर. एमरी कधीही नाही, तिचे कण वीजवाहक असतात आणि तांब्यात रुतून बसतात.

अभ्रक ०.५ ते ०.८ मिमी खाली कापला. त्यासाठी हॅकसॉचं ब्लेड दोन्ही अंगांनी ग्राइंडरवर पातळ करून पट्टीमधल्या फटीच्या रुंदीचं केलं. कापल्यावर फट चौकोनी दिसली पाहिजे, व्ही आकाराची झाली तर कडेला अभ्रक उरतो. नंतर ब्रशने तुसं काढली आणि पट्ट्यांत अडकलेलं तांबं सुईने साफ केलं.

बुश सच्छिद्र ब्राँझचा. तो कोरडा ठोकला तर थोड्याच दिवसांत पुन्हा खेळ. स्वच्छ पातळ इंजिन ऑइलमध्ये २४ तास भिजत ठेवला. घाई असेल तर १०० अंशांच्या तेलात दोन तास ठेवून त्याच तेलात थंड होऊ द्यायचा. बसवल्यावर रीमर (भोक मोठं करणारं हत्यार) फिरवायचा नाही, छिद्रं बुजतात. म्हणून नेमक्या मापाच्या गुळगुळीत मँड्रेलवर (दांड्यावर) दाबून बसवला.

नवे कार्बन आल्यावर काचपेपरची पट्टी कम्युटेटरभोवती गुंडाळून त्यांना गोलाई दिली. होल्डरमध्ये ते स्वतःच्या वजनाने सरकले पाहिजेत. जोडताना कार्बन वर उचलून स्प्रिंग त्यांच्या बाजूला टेकवायची, म्हणजे ते अधांतरी राहतात. झाकण जवळपास बसलं की हवेच्या भोकातून तारेचा आकडा घालून स्प्रिंग कार्बनच्या डोक्यावर आणायची. हे न करता झाकण दाबलं तर कार्बनचा कोपरा तुटतोच.

टेबलावरच मोटरसारखा चालवून पाहिला. डी आणि एफ जोडून बॅटरीच्या निगेटिव्हला, बॉडी पॉझिटिव्हला. शांतपणे, एकसारखा फिरला, चार-पाच अँपिअर ओढत. फिरण्याची दिशा गाडीतल्यासारखीच. या चाचणीत एक काम फुकटात होतं : डायनॅमोची ध्रुवता गाडीच्या अर्थिंगप्रमाणे पक्की होते. दुसऱ्या गाडीवरून आणलेला किंवा वर्षानुवर्षं पडून असलेला डायनॅमो थेट बसवू नये. ध्रुवता उलटी असेल तर कटआउटचे पॉइंट जळून चिकटतात.

१२ जुलै

डायनॅमो गाडीवर. डी-एफ चाचणी पुन्हा घेतली, काटा न हलता २० पर्यंत चढला. डायनॅमो सुटला यातून.

वायरी जोडल्या. इंजिन सुरू, लाल दिवा लागला. हजार आरपीएमला विझला. दोन हजारला पुन्हा लागला, पहिल्यापेक्षाही लखलखीत.

सगळा उलगडा इथे आहे. लाल दिव्याचं एक टोक इग्निशन स्विचमार्फत बॅटरीला, दुसरं डायनॅमोच्या डीला. दोन्हीकडे सारखं व्होल्टेज असेल तर दिवा विझतो. डी कमी असेल तर लागतो आणि डी खूप जास्त असेल तरीही लागतो. दिव्याला दिशा कळत नाही. कटआउटच्या डीवर मोजलं : २२ व्होल्ट. बॅटरीकडच्या ए टर्मिनलवर : १२.४. म्हणजे डायनॅमो बेलगाम सुटलाय आणि कटआउटचे पॉइंट मिटलेच नाहीत. बॅटरीकडे एक अँपिअरही जात नाही.

डब्यात दोन बॉबिन आहेत. एक कटआउट, एक रेग्युलेटर. दोन्हींची बारीक तारेची कॉइल डीपासून निघून ई टर्मिनलवर, म्हणजे अर्थला संपते. अर्थ तुटला तर दोन्ही एकदम मरतात : कटआउट मिटत नाही, आणि रेग्युलेटर उघडत नाही म्हणून फिल्डला पूर्ण करंट जात राहतो. अर्थ पूर्ण न तुटता नुसता कमजोर असेल तर गंमत वेगळी. कॉइलला तिच्या वाट्याचं व्होल्टेज कमी मिळतं, ती उशिरा ओढते, आणि बॅटरीवर गरजेपेक्षा जास्त दाब जातो. ॲसिड उकळणं, बल्ब जाणं, बॅटरी रिकामी राहणं, तिन्ही तक्रारी एकाच वायरीच्या.

ईची काळी वायर डब्यापासून वीतभर अंतरावर पत्र्याला स्क्रूने लावलेली. इंजिन चालू ठेवून वायर हलवली. डब्यात टक्क आवाज, लाल दिवा विझला, ए वर १५.९. वायर सोडली, पुन्हा २२ आणि १२.४. ई टर्मिनल ते बॅटरीची पॉझिटिव्ह पोस्ट यांच्यातला फरक वायर धरलेली असताना १.८ व्होल्ट. तो शून्याजवळ हवा.

स्क्रू काढला. लगच्या खाली प्रायमर आणि रंगाचे दोन थर. पेंटिंगनंतर लग रंगावरच आवळला होता आणि संपर्क फक्त स्क्रूच्या आट्यांतून होत होता, तेही पाऊस लागून गंजलेल्या. नवा कटआउट का चालला नाही त्याचं उत्तर इथेच : तोही याच लगवर जोडला गेला.

उपाय करताना पत्र्यावर अवलंबून राहिलोच नाही. २.५ चौरस मिमीची नवी वायर ईपासून थेट डायनॅमोच्या बॉडीवरच्या स्क्रूला, आणि एक फाटा साफ केलेल्या जुन्या जागी. लग दाबून वर सोल्डर, स्टार वॉशर, आवळल्यावर पेट्रोलियम जेली. आता फरक ०.०२.

१३ जुलै

वायरींचा आढावा. रंगांवर भरवसा नाही, हे हार्नेस कधीतरी मिळेल त्या वायरीने दुरुस्त झालंय. प्रत्येक वायर दोन्ही टोकांना मोजली. १८ अँपिअर वाहत असताना डायनॅमोच्या डीपासून कटआउटच्या डीपर्यंत ०.४ व्होल्ट पडत होते. ४ चौरस मिमीची नवी वायर टाकल्यावर ०.१. ए ते बॅटरी याच मापाची. एफला १.५ पुरते, तिथे तीन अँपिअरच्या वर करंट नाही.

दुसरी सापडलेली गोष्ट : हॅलोजनची वायर सरळ बॅटरीवरून घेतलेली. आरबी-१०६ मध्ये ए आणि ए-१ अशी दोन टर्मिनलं उगाच नाहीत. ए-१ वरून जाणारा भार जाड तारेच्या जास्तीच्या वेढ्यांतून जातो आणि भार वाढला की रेग्युलेटर व्होल्टेज थोडं उतरवून डायनॅमोला सांभाळतो. बॅटरीवरून परस्पर घेतलेला भार त्या वेढ्यांना दिसत नाही. रिले ठेवला, पण त्याची फीड फ्यूज घालून ए-१ वर आणली.

१४ जुलै

आता कुठे डब्याचं झाकण काढायचं. दोन्ही बॉबिनचे पॉइंट वेगळ्या धातूचे, सफाईही वेगळी. रेग्युलेटरचे पॉइंट बारीक कार्बोरंडम दगडाने किंवा सिलिकॉन कार्बाइड पेपरने. कटआउटचे पॉइंट मऊ, त्यांना फक्त बारीक काचपेपर. शेवटी दोन्हीकडे स्पिरिटमध्ये भिजवलेली सुती पट्टी ओढली.

ओपन सर्किट सेटिंग : ए आणि ए-१ च्या वायरी डब्यावरून काढून एकमेकींना जोडल्या आणि टेप लावली. त्या बॅटरीच्या आहेत, बॉडीला लागल्या तर ठिणगी. इग्निशन बॅटरीवर चालत राहतं. मीटर डी आणि ई यांच्यात. वेग हळूहळू वाढवायचा. काटा चढतो, किंचित थरथरतो आणि स्थिर होतो. तो आकडा वाचायचा. हवा २२ अंशांची असताना १६.२ मिळाला. सोळाच्या आसपास हवाच, म्हणून स्क्रूला हात लावला नाही. गरज पडली असती तर लॉकनट सैल करून पाव फेऱ्याहूनही कमी, घड्याळाच्या दिशेने वाढ. हे सगळं अर्ध्या मिनिटात उरकायचं, कॉइल तापली की आकडा फसवा होतो. १६ हा आकडा बिनभाराचा आहे. बॅटरी जोडल्यावर तो इतका राहत नाही, त्यामुळे घाबरून खाली आणू नये.

कटआउट : वायरी पूर्ववत, मीटर डी-ई, हेडलाइट चालू. व्होल्टेज चढत जाऊन १३.० ला किंचित खाली पडलं, म्हणजे पॉइंट मिटले. मर्यादा १२.७ ते १३.३. वेग उतरवताना ९.५ च्या सुमाराला सुटले, तेही ८.५ ते ११ च्या आत.

सगळं जोडून दोन हजारला बॅटरीवर १४.३.

१६ जुलै

भाराचा हिशेब, कारण अल्टरनेटरचा प्रश्न इथेच सुटतो. सी-४० ची कमाल क्षमता २२ अँपिअर. इग्निशन ३, मागचे-पुढचे लहान दिवे आणि नंबर प्लेट २, वायपर ३. मूळचे ४५/४० वॅटचे हेडलाइट साडेसात. बेरीज साडेपंधरा, बॅटरीसाठी सहा-साडेसहा उरतात. ६०/५५ चे हॅलोजन लावले तर हेडलाइटचे दहा होतात, तरी जमतं. १००/९० चे लावले तर हेडलाइटच सतराच्या घरात, वायपरसह पंचवीस. मग रात्रीच्या पावसात बॅटरी उतरणारच, दोष कुणाचाही नसताना. या गाडीत १००/९० होते. ते काढून ६०/५५ घातले.

आयडलला डायनॅमो काही देत नाही, हे मान्य करून चालवावं लागतं. रेल्वे गेटवर थांबलात तर हेडलाइट बंद.

अल्टरनेटरला विरोध नाही. एसी, मोठा स्टिरिओ किंवा रोजचा शहरातला वापर असेल तर तोच बरा. पण त्यासाठी आधी निगेटिव्ह अर्थ करावा लागतो, कॉइलच्या वायरी उलटवाव्या लागतात, कटआउटचा डबा बाजूला काढून मुख्य वायर जाड करावी लागते, पुली एका रेषेत आणावी लागते. शिवाय लाल दिव्याचं कामही बदलतं : तिथे सुरुवातीचं फिल्ड त्या दिव्यातूनच मिळतं, बल्ब गेला तर चार्जिंग सुरू व्हायलाच वेळ लागतो. डायनॅमोत बल्ब गेला तरी चार्जिंग चालू राहतं.

१९ जुलै

रस्त्यावरची चाचणी, रात्री, पावसात. बेळगाव ते संकेश्वर आणि परत, वंटमुरी घाटासह. क्लॅम्प मीटर बॅटरीच्या वायरीवर. निघताना बॅटरीत जाणारा करंट जास्त होता, संकेश्वरपर्यंत उतरून ४ अँपिअर. हेडलाइट आणि वायपर चालू असताना घाटात तिसऱ्या गिअरमध्ये अधिक २, कमी गतीवर दुसऱ्यात उणे ३. अपेक्षेप्रमाणे. लाल दिवा आयडल सोडला तर कुठेच लागला नाही. डायनॅमोला हात लावता येतो, पण धरून ठेवता येत नाही इतपत गरम. ठीक.

३ ऑगस्ट

सहाही घरं आता ०.०१० च्या आत, मागे पडलेलं घरही भरून आलं. पाण्याची पातळी हललेली नाही. ईचा फरक अजून ०.०२. नवा बेल्ट थोडा सैलावला होता, पुन्हा १३ मिमीवर आणला. कार्बनच्या तुसांचा हलका थर सोडला तर कम्युटेटर तपकिरी, एकसारखा. हा रंग पुसायचा नाही.

उरलेलं : वायपर मोटर ३ ऐवजी ५ अँपिअर ओढते आहे. गिअरमधलं ग्रीस दगड झालं असावं. एप्रिलमध्ये गाडी अथणीला जाण्याआधी ओपन सर्किट व्होल्टेज गरम हवेत एकदा वाचायचं. आत द्विधातूची पट्टी असल्याने ते थोडं खाली आलेलं दिसेल, तेव्हा स्क्रू पिळायचा नाही.